सारखे दिसणारे फोटो

मुलीने हैदराबादेतच, कुकटपल्लीतली नोकरी सोडून कॅमेरा गळ्यात घातला, त्याला तीन वर्षं झाली. मिठागरात राबणारे, नावाडी, घोंगड्या विणणाऱ्या बाया, जिथे जाईल तिथे ती आठवडाभर राहते. काचीगुड्याला गाडीतून उतरली की घरच्या कॉम्प्युटरवर फोटो उतरवायचे, कार्डं रिकामी करायची आणि पुन्हा निघायचं. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून घरात मी एकटाच असतो.

गेल्या हिवाळ्यात तिचा आसामातून फोन आला. नवे फोटो नेटवरून पाठवायचे होते आणि कॉम्प्युटर भरला होता.

"पप्पा, जरा जागा करा ना. फालतू असेल ते काढून टाका."

तीन दिवस मी एकेक फोल्डर उघडून पाहिला. परक्या माणसांच्या फोटोंना हात लावायचा धीर झाला नाही. मग 'घर' नावाचा फोल्डर सापडला. त्यात १४३ फोटो. प्रत्येकात आमचं जेवणाचं टेबल, एका खुर्चीवर मी, समोर तिच्या आईची रिकामी खुर्ची. दिवाळीला आली तेव्हा दिवसभर कॅमेरा घेऊन बसली होती. मला वाटलं, नवी लेन्स तपासतेय. त्यातला सर्वात स्वच्छ एक ठेवला, १४२ काढले. कॉम्प्युटरची कचरापेटीही रिकामी केली. अर्धवट काम मला आवडत नाही. मग तिचे नवे फोटो उतरवून घेतले.

आठवड्याने फोन आला. "पप्पा, नेटवरून घरचा कॉम्प्युटर उघडलाय. 'घर'मध्ये एकच फोटो दिसतोय."

"सगळे एकसारखेच होते गं."

ती हळू आवाजात म्हणाली, "एकसारखे नव्हते. सकाळी सात ते संध्याकाळी सात, दर तासाला अकरा. ऊन आईच्या खुर्चीवरून सरकत जातं आणि तुम्ही जागचे हलत नाही. प्रदर्शनाला तेच देणार होते मी. पाठवायला पाच दिवस उरलेत. हौल्यासारखं, वेड्यासारखं काय करून बसलात."

ओरडली असती तर बरं वाटलं असतं. प्रत्येक फोटोखाली वेळ होती. नोकरीत जन्मभर आकडे वाचले, नेमके तेच वाचले नाहीत.

सुलतान बाजारजवळच्या कॉम्प्युटरवाल्याने दोन तास खटपट केली. "अंकल, इसके ऊपर नया भर दिए आप. अब नक्को उम्मीद रखो."

आसामातलं काम टाकून तिला वेळेत येणं शक्य नव्हतं. मग रविवारी मीच फोनवर तेरा गजर लावले आणि दर तासाला, तिने काढले होते त्याच कोपऱ्यातून, एकेक फोटो काढला. साडेसातला तेराही पाठवले.

तिने लगेच फोन केला. "ऊन बरोबर आलंय, पप्पा. पण तुमचीही खुर्ची रिकामी आहे."

"फोटो काढायला कुणीतरी उभं राहायला नको का?"

"हो ना," ती म्हणाली.

तिने ते तेरा आणि शेवटी मी ठेवलेला तो एक, असे चौदा फोटो पाठवले. निवड झाली का, अजून कळलेलं नाही. ती पुन्हा नदीवर, नावाड्यांकडे गेलीय. मी रोज त्याच खुर्चीवर जेवतो. चौदांपैकी एकात मी आहे.