गटारवाल्यासाठी गाऱ्हाणं

चुन्याची लाइन मारून झाली होती, कामगार पिकाव घेऊन उभे होते, आणि कोणी पहिला घाव घालीना. गाऱ्हाणं व्हायचं होतं. आमच्या मालवणी मुलखात देवाला साकडं घातल्याशिवाय कोणी जमीन फोडत नाही, मग काम नगरपालिकेचं का असेना. गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालणारा गावकार तातू नारळ घेऊन येतच होता. तेवढ्यात त्याच्या मागे मला माझा मामा दिसला, आणि मामाच्या शेजारी काळी टोपी.

काळी टोपी म्हणजे गुरुजी. शेजारच्या गावच्या हायस्कूलात इंग्रजी शिकवायचे. त्यांच्या मुलीसाठी माझं नाव चाललं होतं. आदल्याच आठवड्यात मामानं मला हळूच सांगितलं होतं, की 'भाचा पूल बांधतो' असं तो तिथे बोलून बसलाय. मामाचाही तसा दोष नाही. आधीचं एक स्थळ 'गटारवाल्याक पोर देऊची नाय' म्हणून फिरलं होतं. मुलगी मला पसंत होती, फार पसंत होती. आता गुरुजी पूल बघायला आले होते.

मी नगरपालिकेचा ओव्हरसियर, आणि काम साधंच होतं. डोंगराकडचं पाणी दर पावसाळ्यात रस्ता ओलांडून वाडीतल्या घरांत शिरायचं. रस्त्याकडेनं जांभ्याच्या चिऱ्यांचं गटार बांधून ते समुद्राला न्यायचं. यात सगळी करामत लेव्हलची, म्हणजे उताराची. कमी दिला तर पाणी साचतं, जास्त दिला तर बांधकाम खातं. पण हे लोकांना काय सांगणार? पोरंसुद्धा मला 'गटारसायब' म्हणायची. मी हातातली टेप खिशात कोंबली आणि कामगारांच्या मागे जाऊन उभा राहिलो.

तातूनं नारळ ठेवला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो आमचो ओवरशेर गटार खणूक इलो आसा..."

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"पावसाचा पानी आमच्या चुलीत शिरता, ता ह्या गटारातसून दर्याक जांव दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"आनि ह्या गटाराच्या नावान बिचाऱ्याचा लगीन मोडला, ता ह्या खेपेक तरी जुळान येवं दे रे म्हाराजा."

या वेळचं 'व्हय म्हाराजा' दुप्पट जोरात आलं. मामा समुद्राकडे बघत होता. माझे कान पेटले होते. खड्डा अजून खणला नव्हता म्हणून, नाहीतर त्यातच उडी घेतली असती.

गुरुजी माझ्याजवळ आले. "म्हणजे पूल नाही?"

"नाही. गटारं," मी पायांकडे बघत म्हणालो. "पण साहेबांना सांगून बदली मागणार आहे. कायमचा नाही राहणार मी यात."

गुरुजींनी टोपी नीट केली. मग वर्गात शिकवावं तसं सांगू लागले. गटार हा शब्द इंग्रजी 'गटर'वरून आला, आणि गटर लॅटिनमधल्या 'थेंब' अर्थाच्या शब्दावरून, फ्रेंचच्या वाटेनं. आधी तो छपराच्या पन्हळीसाठी होता. पागोळ्यांचं पाणी झेलायचं आणि घरापासून लांब न्यायचं, हे तिचं काम. पुढे तीच रस्त्याच्या कडेला उतरली. "मुळात घाण नव्हतीच त्यात," ते म्हणाले.

मला वाटलं, सुटलो. मान थोडी वर आली.

"तेव्हा गटाराला माझी हरकत नाही," गुरुजी म्हणाले. "पण जे सांगताना तुमचीच मान खाली जाते, ते माझी पोर चारचौघांत कसं सांगणार? तिनं जन्मभर तुमच्या बदलीची वाट बघायची का?"

ते मामाला नमस्कार करून एस.टी.च्या थांब्याकडे निघाले. कामगारांनी ऐकलं होतं, पण बिचारे पिकावांची धार बघत उभे होते. तातूनं नारळ फोडला.

गटार छान झालं. त्या पावसात वाडीतली चूल कोणाची भिजली नाही. गुरुजींनी मुलगी एका कंपाउंडरला दिली. दवाखान्यात बाटल्या धुऊन औषध भरणारा माणूस. एकदा बाजारात भेटला, तेव्हा न विचारताच म्हणाला, "मी बाटल्यो धुतंय." बायको शेजारीच होती, हसत होती.

काम कसलंही असो, सांगताना आवाज खाली करू नये. हे मला कळलं, पण लेव्हल लावण्याइतकं लवकर नाही कळलं.