जमा केलेली रायफल

गावात पीक राखायच्या परवान्याची रायफल एकट्या माझ्या वडलांकडं आहे. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करावी लागते. तालुक्यातले बाकीचे परवानेवाले पोलिसांचा निरोप येईपर्यंत थांबतात. वडील मात्र आचारसंहितेची बातमी ऐकली की दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचं धोतर नेसून लोहाऱ्याच्या ठाण्याला जाणारी जीप धरतात. पहिल्या नंबरची पावती मिळाली की गडी खूश. मला या खुळाचा भयंकर राग येतो.

गेल्या खेपेला रानडुकरं ओढ्याकाठच्या भुईमुगात शिरली. तो तुकडा आईचा. लग्न होऊन आल्यापासून तिनं जपलेलं घरचं बी तेवढ्यातच पेरलेलं होतं, दुसरीकडं कुठं एक शेंग नव्हती. मी वनखात्यात वडलांच्या नावानं अर्ज दिला. साहेब आले, उकरलेलं रान पाहिलं, पंचनामा केला. तेवढ्यात निवडणूक लागली. थांबा, कागद येऊ द्या, असं मी आणि आई दोघंही म्हणालो. वडील कुणाचं ऐकतात? चार दिवसांनी डुकरं मारायची परवानगी आली, पंधरा दिवसांची, आणि रायफल ठाण्यात.

मी ठाण्यात गेलो. निकाल लागेपर्यंत हत्यार मिळणार नाही, म्हणाले. वनखात्यात जाऊन मुदत वाढवून मागितली. नवा अर्ज करा, म्हणाले. एक खातं मारा म्हणतं, दुसरं बंदूक कुलपात ठेवतं, आणि इकडं भर दुपारी डुकरीण पिलावळ घेऊन आमच्या शेंगा खाते. ज्यांना घरातल्या कोंबड्याही भीत नाहीत, त्या पंच्याहत्तरीच्या माणसापासून मतदारांना कसला धोका होता? आम्ही डबे बडवले, फटाके फोडले, बांधाला जुन्या साड्या गुंडाळल्या. डुकरांना ते सगळं पाठ होतं.

मुदत संपली, मग रायफल आली. पाठोपाठ वनखात्याचा माणूस फॉर्म घेऊन आला. किती डुकरं मारली या रकान्यात त्यानं निरंक लिहिलं. कारणाच्या रकान्यात काय खरडतोय म्हणून मी वाकलो आणि मोठ्यानं वाचलं, 'अर्जदार इच्छुक नव्हता.'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पेन हिसकावून ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, बंदूक सरकारकडं होती. कागद खराब झाला, असं शांतपणे म्हणत त्यानं दुसरा फॉर्म काढून पुन्हा तेच लिहिलं. वडलांनी त्याच्यावर निमूट सही केली.

"आबा, कशाला केली सही?"

"सरकारी कागद हाय. वाद कशाला?"

आई ओसरीवर उरलेल्या शेंगा निवडत होती. पोचट, अर्धवट चावलेल्या. सुपाचा तळही झाकत नव्हता. तिनं मान वर केली नाही.

"खरं तेच लिवलंय त्यांनी," ती म्हणाली. "इच्छा असती तर ह्ये चार दिस थांबले असते."