आधी चिठ्ठी, मग झोप

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. ठरावीक वेळी ठरावीक जागी बसण्याची शिस्त अंगी असली, की ते आपण होऊन हजेरी लावतात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझी ती जागा म्हणजे भिंगारच्या बाजारातले सलीमचे मेडिकल. सलीम माझा विद्यार्थी. दुपारचा चहा मी तिथे घेते, आणि त्या वेळी माझ्या खुर्चीवर दुसरे कोणी बसलेले मला चालत नाही.

झोपेच्या गोळ्या, गुंगी आणणारी खोकल्याची औषधे, तीव्र वेदनेवरची इंजेक्शने ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. दिली, की पेशंटचे नाव-पत्ता नोंदवायचा आणि चिठ्ठी पुन्हा चालू नये म्हणून तिच्यावर शिक्का मारायचा, असा कायदा आहे. अलीकडे त्याची तपासणी फार कडक झाली आहे. औषध निरीक्षक खोटे गिऱ्हाईकसुद्धा पाठवतात म्हणे! असल्याच एका गिऱ्हाइकाला नगरमधला एक दुकानदार भुलला आणि त्याच्या शटरला कुलूप लागले. तेव्हापासून सलीमची झोप उडाली आहे.

"बाई, दुकान अब्बांनी उभं केलं. माझ्या हातून बंद पडलं, तर घरी तोंड कसं दाखवू?"

आणि सभोवती गोळ्यांची कपाटे असूनही स्वतः गोळी घेऊन झोपायची सोय नाही. चिठ्ठी कुठे आहे!

*

शिंदे हवालदार हे सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. गुडघ्यांसाठी त्यांना चांगल्या जोरदार गोळ्या लागतात. एकदा त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, ती ओळखपत्रासारखी चकचकीत, प्लास्टिकमध्ये बंद!

सलीमने शिक्का मारला. शाई घसरली. पुन्हा मारला. हवालदारांनी शांतपणे रुमाल काढून चिठ्ठी पुसून घेतली. तारीख पाहिली, तर ती सलीमच्या लग्नाच्याही आधीची!

"साहेब, ह्याच्यावर शिक्का बसतच नाही!"

"म्हणून तर लॅमिनेट केली!"

*

एकदा हिवरे बाजारकडचे एक दूधवाले काका घाईघाईने आले. चिठ्ठीत वेदनेवरचे इंजेक्शन. नाव गौरी, वय पाच. सलीमचे डोळे पांढरे झाले.

"एवढ्याशा पोरीला एवढा डोस? कुठाय ती?"

"टेम्पोत हाय. पायाला लागलंय. लई वरडतीय बगा."

सलीम तसा मऊ मनाचा. बरणीतले चॉकलेट घेऊन तो बाहेर धावला आणि कोपरापर्यंत लाळेने माखलेला हात घेऊन परतला. चॉकलेट कागदासकट गेले होते!

"काका, ती गाय आहे!"

"मंग? मानूस हाय म्हनलो का मी?"

चिठ्ठीच्या माथ्यावर 'पशुवैद्यकीय दवाखाना' असे ठळक छापलेले होते. धड्याचे शीर्षक वाचण्याची सवय सलीमला शाळेतही नव्हती. घाबराघुबरा होऊन त्याने पेन उचलले. "आता पेशंटचा पत्ता काय लिहू?"

"गोठा लिवा की!"

*

आमच्या शेजारच्या गल्लीत सुलोचनाबाई राहतात. झोपेच्या गोळीची चिठ्ठी गल्लीत त्यांच्या एकट्यांकडेच. त्यामुळे विरजण मागावे तशा बायका संध्याकाळी वाटी घेऊन येत आणि अर्धी-पाव गोळी घेऊन जात. औषध असे वाटायचे नसते, हे मी त्यांना खडसावून सांगितले होते. माझे ऐकतील, तर त्या सुलोचनाबाई कसल्या!

पुढे डॉक्टरांनी त्यांची गोळी कमी केली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सुलोचनाबाई आल्या, आणि त्यांच्यामागून तांबारलेल्या डोळ्यांच्या सगळ्या जणी.

डॉक्टर म्हणाले, "अहो, तुमची तब्येत सुधारली, म्हणून कमी केली."

मागून एकीचा आवाज आला, "त्यांची सुधारली हो! आमचं काय?"

*

आता माझे स्वतःचे. मला अधूनमधून एक गोळी लागते. त्या दिवशी मी चिठ्ठी पुढे केली. सलीमने ती उलटसुलट पाहिली. "बाई, हिच्यावर मागंच शिक्का पडलाय. नवीन आणावी लागेल."

"सलीम, मी तुझी बाई आहे!"

"व्हय, बाई. आठवतं का? प्रगतिपुस्तकावर अब्बांची सही नव्हती, म्हणून तुम्ही मला दारातूनच परत पाठवलं होतं. अब्बा समोरच्याच टपरीवर चहा पीत होते. मी बोटानं दाखवलंसुद्धा! तुम्ही म्हणालात, 'मला सही दिसली पाहिजे, वडील नव्हेत.'"

मी उठले आणि रस्ता ओलांडून दवाखान्यात गेले. रागाने नव्हे. एखादा विद्यार्थी पैकीच्या पैकी गुण घेतो, तेव्हा त्याच्याशी वाद घालायचा नसतो!

*

आणि मग एके दिवशी ती वेळ आलीच. औषध निरीक्षक मॅडम दुकानात उतरल्या. सलीमने नोंदी पुढे ठेवल्या. मॅडमनी गोळ्या मोजल्या, शिक्के पाहिले. सगळे जुळले. एवढ्यात त्यांचा ड्रायव्हर दारात येऊन खोकू लागला. खोकला असा, की समोरचा भाजीवाला उठून पाहू लागला!

मॅडम कपाटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बिचारा सकाळपासून हैराण आहे. ती गुंगीची बाटली द्या त्याला."

सलीमने माझ्याकडे पाहिले. परीक्षेच्या वेळी मी जन्मात कोणाला खूण केलेली नाही. मी चष्मा पुसत बसले.

"मॅडम... चिठ्ठी?"

"मी कोण आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, मॅडम. म्हणून तर चिठ्ठी मागतोय! आलं-तुळशीचं साधं औषध देतो. हे नाही देता येणार."

दारातला खोकला वाढला. मॅडमनी सलीमकडे रोखून पाहिले, शेरा लिहिला, सही केली आणि कागद त्याच्या हातात ठेवला. "दुकान चालू ठेवा," एवढेच म्हणून त्या दुकानाची पायरी उतरल्या.

जीपपाशी त्यांचा हलका आवाज आला, "बास आता, पांडुरंग. पुढच्या दुकानापर्यंत आराम करा."

पांडुरंग जीपचे दार धरून वाकला होता.

"म्याडम, सकाळधरनं खोटं खोकतोय... आता खरंच थांबंना!"