बैलाची दवाई माशाला

लताअक्कांनी कटला मासा माझ्या हातात दिला, तेव्हा तो तडफडतही नव्हता. पोटाजवळ लाल चट्टा. त्या चट्ट्यावर मसुराच्या डाळीएवढी, चपटी, आरपार दिसणारी कीड सरकत होती.

"ताई, हाई गोचीड शे ना?"

"हो अक्का. माशाची गोचीड."

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव. गावतळं बचत गटाच्या बायकांनी ठेक्यानं घेतलेलं. लताअक्का गटाच्या अध्यक्ष. मी धुळ्याची, देवपूरची. माशांच्या रोगांबद्दल गावोगाव पत्रकं वाटणाऱ्या संस्थेत फील्डवर काम करते.

ही कीड माशाचं रक्त पिते. मासा खाजेनं दगडावर अंग घासतो, जखमेत बुरशी शिरते आणि बघता बघता तळं रिकामं होतं. उपाय आहे, पण कंटाळवाणा. कीड आपली अंडी कडक वस्तूवर घालते. म्हणून पाण्यात बांबू आणि फळ्या सोडायच्या, थोड्या थोड्या दिवसांनी काढून कडक उन्हात वाळवायच्या. ओलं जाळं दुसऱ्या तळ्याला उसनं द्यायचं नाही. बस्स.

अक्का म्हणाल्या, "पन सुपडूआबा म्हनस, दवाई शे."

सुपडूआबा म्हणजे गावातल्या सगळ्यात देखण्या बैलजोडीचे मालक. ते पारावर बाटली घेऊनच बसले होते.

"चोपडाथीन आणेल शे. दुकानदार बोलना, गोचीडनी शे. उद्या पोळा. बैलस्ले चोपडसूत, तळामा धोसूत. बैलबी चोखा, मासाबी चोखा!"

पारावरचे सगळे हसले. मी बाटली मागून घेतली. बाटलीवर बारीक अक्षरांत छापलं होतं की हे औषध माशांसाठी विषारी आहे. इंग्रजीत! ज्याला वाचायचं त्याला वाचता येऊ नये, अशीच सोय केलेली.

"आबा, बाटलीवरच लिहिलंय. हे पाण्यात गेलं तर मासे मरतील."

"बैल मरत नही, मंग मासा कसा मरी?"

"बैल कल्ल्यांनी श्वास घेतो का?"

"देवपूरमा कधी बैल देखा शे का, ताई?"

पुन्हा हशा. मी बाजूला जाऊन ऑफिसला फोन लावला.

"सर, उद्या अख्ख्या गावाचे बैल औषध लावून तळ्यात उतरणार आहेत."

"फोटो टाक. पोळ्यानंतर बघू."

"पोळ्यानंतर काय बघायचं, सर? मेलेले मासे?"

"सण आहे. गावाशी भांडू नकोस. पत्रक दे."

पत्रक! मासे पत्रक वाचत नाहीत, हे ऑफिसात कुणाला सांगावं लागेल असं मला वाटलं नव्हतं.

सकाळी मी तळ्यावर पोहोचले, तेव्हा आबांची जोडी पाण्यात उतरलेली होती. बैलांच्या पाठीवरून औषध उतरत होतं आणि पाण्यात दुधासारखा पट्टा पसरत होता. मागे वाटेवर बाकीचे बैल रांगेत उभे. काठावरच्या उथळ पाण्यात झिंगे टणाटण उडायला लागले. मग एकदम थांबले. सगळे.

"आबा, काढा बैल!" मी ओरडले.

आबा हलले नाहीत. लताअक्का नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात शिरल्या आणि त्यांनी कासरा धरला.

"आबा, तुम्हना बैल देव शेतस. पन ह्या मासा आम्हना शेतस. निंघा भाहेर."

आबांनी खाली पाहिलं. त्यांच्या पायांभोवती झिंगे पांढरे पडून तरंगत होते. त्यांनी जोडी वळवली. बाकीचे बैल गावातल्या हौदाकडे गेले.

त्यानंतर करण्यासारखं फार नव्हतं. शेजारच्या विहिरीवर इंजिन लावून ताजं पाणी बैल उतरलेल्या कोपऱ्यात सोडलं. मोठे मासे वर येऊन तोंडं उघडत होते. गावात वाजंत्री चाललेली, आणि आम्ही काठावर मासे मोजायचीही हिंमत नसलेल्या. एकीनं मेलेले मासे टोपलीत भरायला घेतले. मी टोपली हिसकावली. "खायचे नाहीत. पुरायचे."

कोपऱ्यातले मासे गेले. झिंगे झाडून सगळे गेले. पलीकडच्या टोकाचे मासे वाचले, आणि त्यांच्या अंगावरची गोचीडही वाचली. ज्या किडीसाठी एवढा खटाटोप, तिला काहीच झालं नाही. मग बायकांनी बांबू सोडले, काढले, वाळवले, परत सोडले. दिवाळीच्या सुमारास नवे चट्टे दिसेनासे झाले.

दुकानदाराला "हे गोचिडीला चालतं का" असं विचारू नका. तो हो म्हणणारच, त्याला बाटली विकायची असते. "हे पाण्यात गेलं तर कोण कोण मरतं," असं विचारा. उत्तर येत नसेल, तर बाटली त्याच्याच फळीवर राहू द्या.