पावाचं पुडिंग

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी नामपूरच्या शाळेतल्या आमच्या गणिताच्या बाईंचे, असं सांगतो. माझ्याआधी आमच्या घरात कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील कांद्याच्या मार्केटात हमाली करत आणि संध्याकाळी पीत. मी अकरावीत असताना त्या पिण्यातच ते गेले. पुढची दोन वर्षं बाईंनी मला स्वतःच्या घरी बसवून शिकवलं. कॉलेजचा फॉर्मही त्यांनीच भरला. नाशिकच्या एसटीत बसवायला त्या आल्या तेव्हा त्यांनी उजवा हात पुढे केला. आमच्याकडे शब्द द्यायचा तो हातावर हात ठेवून.

"दारू शिवणार नाही, असं म्हण."

मी म्हटलं. आणि सरकारी नोकरीची सगळी वर्षं तो शब्द पाळला. ऑफिसच्या पार्टीत लोक ओरडायचे, "साहेबांना कोकम सरबत आणा रे!" मला राग यायचा नाही. खरं सांगायचं तर थोडा ताठाच वाटायचा.

बाई आता गंगापूर रोडला भाच्याकडे राहतात. मुलीने मला आणि बायकोला अमेरिकेत बोलावलं आणि तिथून आठवडाभर एका कॅरिबियन बेटावर नेणार म्हणाली, तेव्हा मी बाईंना सांगायला गेलो. गोड हा त्यांचा जीव की प्राण, आणि डॉक्टरांनी तेच बंद केलेलं.

"तिकडे जेवणानंतर काय काय गोड देतात ते सगळं खा," बाई म्हणाल्या. "आणि मला येऊन सांग. पहिला नंबर कोणाचा, तोही सांग. नुसतं 'छान होतं' म्हणालास तर मार्क देणार नाही."

मुलीला ही कल्पना फार आवडली. तिने रोज एक नवं हॉटेल शोधायचं ठरवलं. मी खिशात छोटी वही ठेवली. पहिल्या दिवशी नारळाचं कस्टर्ड खाल्लं; खरवसासारखं, पण वरून जळक्या साखरेचा कडूपणा. मग पेरूची पेस्ट घातलेली पेस्ट्री. रताळ्याचं जायफळ घातलेलं पुडिंग, जे बायकोला उपासाला चालेल असं वाटलं. ती म्हणाली, "अहो, अंडं असेल त्यात. उपास माझा मोडेल, नंबर तुमचा लागेल."

आणि तिसऱ्या दिवशी समुद्राकाठच्या एका साध्या हॉटेलात पावाचं पुडिंग मिळालं. शिळा पाव, दूध, बेदाणे; आपल्याकडे कुणी पाहुण्यापुढे ठेवणार नाही असा प्रकार. पण त्यावर ओतलेला सॉस! लोणी, काळा गूळ आणि त्यामागे एक ऊब, जी घशातून छातीत उतरत राहायची. मेनूत 'रम सॉस' लिहिलं होतं. मी वाचलं होतं. पण आमच्या भागातल्या आइस्क्रीमच्या दुकानात रम-रेझिन मिळतं. ते मी एकदा दुकानदाराला खोदून खोदून विचारलं होतं, तर तो म्हणाला होता, "काका, नुसता वास असतो. एसेन्स. लहान मुलं खातात." तेच मी जगाला लावलं. चौथ्या दिवशी हट्टाने पुन्हा तिथेच गेलो. सॉस वेगळ्या वाटीत मागवला आणि चमच्याने प्यालो. पाचव्या दिवशी सकाळी नाश्ता करतानाच मला संध्याकाळच्या त्या वाटीची आठवण येत होती. वहीत मी त्याच्यापुढे पहिला नंबर लिहून टाकला होता.

त्या पाचव्या संध्याकाळी बाईंना नीट सांगता यावं म्हणून मी मुलीला म्हणालो, "हे कसं करतात ते विचार ना." स्वयंपाक करणाऱ्या बाई स्वतः बाहेर आल्या. माझ्या वयाच्या, हसऱ्या. त्यांनी आतून बाटली आणून टेबलावर ठेवली. शेवटी कच्चीच ओतायची, त्या म्हणाल्या, उकळली तर तिचा जीव जातो.

मी मुलीकडे पाहिलं.

"पप्पा, लिहिलेलं होतं की! मला वाटलं तुम्हाला माहितीये. दोन दिवस मी मनात म्हणतेय, पप्पा सुधारले."

बायको हसून हसून बेजार झाली. "तरीच! परवापासून बाथरूममध्ये गाणी चालली होती."

मीही हसलो. पुढ्यात वाटी अर्धी भरलेली होती. मुलगी म्हणाली, "राहू द्या पप्पा, मी आइस्क्रीम सांगते."

मी म्हणालो, "अन्न टाकायचं नसतं." आणि ती वाटी संपवली.

त्या दोघींच्या दृष्टीने विषय तिथे संपला. विमानात मी स्वतःला समजावलं की नकळत झालं त्याला पाप म्हणत नाहीत. पण नकळत झालं ते अर्ध्या वाटीपर्यंत. पुढची अर्धी कशी झाली, ते मला माहीत आहे.

नाशिकला आल्यावर वही घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी भाचेसुनेलाही ऐकायला बसवलं. मी कस्टर्डचं वर्णन केलं, पेरूचं, रताळ्याचं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. "जायफळ किती? केळफुलासारखा रंग की विटेसारखा?" असं मध्येच विचारत होत्या.

"मग पहिला कोण?"

"नारळाचं कस्टर्ड," मी म्हणालो. पावाच्या पुडिंगचं पान मी उलटलंच नाही.

"मला वाटलंच." त्या खूश झाल्या. मग सुनेला म्हणाल्या, "तिकडे म्हणे पाण्यासारखी पितात. पण याला मी विचारणारसुद्धा नाही. याने मला हात दिलाय."

मी वही मिटून खिशात घातली. मग त्यांनी खरं काम काढलं. त्यांच्या कॉलनीतली नववी-दहावीची मुलं संध्याकाळी मैदानामागे बिअर पिताना सापडली होती. पुढच्या रविवारी हॉलमध्ये सगळ्यांना बसवायचं होतं. "भाषण नको. तू फक्त उभा राहा आणि सांग, बाप असा गेला, आणि मी थेंब शिवला नाही. त्यांना माणूस बघू दे."

मी हो म्हणालो. बाईंना नाही म्हणायची मला सवय नाही.

घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, पुडिंग खाल्लंत तुम्ही, गुत्त्यावर नाही बसलात. या वयात त्यांना कशाला त्रास?" कदाचित तिचंच बरोबर असेल. तीन दिवस मी तसं मानून पाहिलं. चौथ्या दिवशी हे पत्र लिहून पोस्टात टाकलं.

"बाई, नमस्कार.

फोन केला असता तर तुम्ही हसून सोडून दिलं असतं, आणि मीही सोडवून घेतलं असतं. म्हणून लिहितो.

पहिला नंबर कस्टर्डचा नव्हता. पावाच्या पुडिंगचा होता. त्यावरच्या सॉसमध्ये खरी रम होती. दोन वेळा मी ते न कळता खाल्लं. तिसऱ्या वेळी अर्ध्यात कळलं, आणि तरीही मी उरलेलं संपवलं. अन्न वाया जाऊ नये म्हणून नाही. मला ते हवं होतं.

वडील संध्याकाळी चपला शोधायचे तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी घाई असायची, ती मी लहानपणी पाहिली आहे. पाचव्या दिवशी सकाळपासून ती माझ्यात होती. मला वाटत होतं की मी पीत नाही, कारण मी चांगला आहे. आता वाटतं, मी पीत नव्हतो कारण तुम्ही हात पुढे केला होता. याची मला भीती वाटते, आणि ती तुम्हाला सोडून कुणाला सांगावी ते कळत नाही.

तुमच्यासमोर गप्प बसलो, ते त्या वाटीपेक्षा वाईट झालं. त्याबद्दल क्षमा मागतो.

रविवारी 'थेंब शिवला नाही' असं मी म्हणू शकत नाही. मुलांसमोर उभं करायचं असेल तर वर लिहिलं आहे तेवढंच सांगेन. ते त्यांच्या उपयोगाचं आहे की नाही, ते तुम्ही ठरवा. नको असेल तर दुसरं कुणी बघा. मला वाईट वाटेल, पण ते माझं मी बघेन."