नैवेद्याचं ताट

ह्यांच्या तेराव्याला जावेने फोटोपुढच्या ताटात सवयीने मीठ वाढलं. आत्याबाई कडाडल्या, "नैवेद्याला मीठ वाढत नाहीत, एवढंही कळत नाही?" मीठ लगेच काढलं गेलं.

याच आत्याबाई दर सणाला ह्यांच्या ताटात मीठ, लोणचं, पापड आग्रहाने वाढायच्या. "चिमूटभर मिठाने काय होतंय!" किडन्या थकल्या की रक्तातली घाण साचते, रक्तवाहिन्या आतून सुजतात, कडक होतात आणि सगळा भार हृदयावर पडतो, हे मी परोपरीने सांगायचे. "डॉक्टरीणबाई" म्हणून सगळे हसायचे.

आता भेटायला येणाऱ्यांना आत्याबाई सांगतात, "आजार किडनीचा आणि गेला हार्टने. नशीब, दुसरं काय!"

मी ताटाकडे बघत राहिले. ह्यांचं पथ्य या घरात पहिल्यांदाच पाळलं गेलं होतं.