टेस्टरकाकांची बादली

टेस्टरकाका हातमोजे घ्यायला निघाले की गाडीच्या डिकीत आधी बादली टाकत. वाटेत पेट्रोल पंपावर बर्फाची पिशवी घेत. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात शिरले की काउंटरवरच्या माणसाला नम्रपणे विचारत, "मेट, कॅन आय टेस्ट धिस इन आइस वॉटर?" तो हसत "नो वरीज" म्हणे, कारण त्याला ती थट्टा वाटे. मग काका बादली आणत. दुसऱ्यांदा गेलो की ओळखीचा सेल्समन आम्हाला बघून आतच पळायचा.

सिडनीजवळ पॅरामॅटातल्या त्यांच्या घरात मी युनीत शिकायला आल्यापासून भाड्याने राहत होते. पुढे कायम राहण्याचा पीआर मिळाला, नोकरी लागली, तरी खोली सोडवली नाही. काकांचा जन्म दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढण्यात गेला, म्हणून हे नाव. काकू गेल्यावर मात्र ते दोन वर्षं सोफ्यावर बसून होते. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्याने त्यांना जवळजवळ उचलूनच ट्राउट मासे पकडायला नेलं. पिसं आणि दोऱ्याची खोटी माशी दोरीला बांधायची आणि पाण्यावर अलगद फेकायची, हा प्रकार काकांना एकदम पटला. ते पक्के शाकाहारी. मासा पकडायचा, त्याला सॉरी म्हणायचं आणि सोडून द्यायचा. "मला मासा नकोय गं, तो तिथे आहे एवढं कळलं की पुरे," असं म्हणत.

माशी मात्र आपल्याच हाताने बांधायची, हा हट्ट. ऐन हिवाळ्यात कूमा गावाच्या पुढच्या तळ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून ती बांधायची तर बोटं जागी हवीत, म्हणून हातमोज्यांचा एवढा शोध. जाड रबरी मोजे उबदार, पण त्यांत गाठ बसत नाही. अर्ध्या बोटांचे घातले तर गाठ बसते, पण बोटं निळी पडतात. मनगट सैल असेल तर हात वर केला की पाणी थेट कोपरापर्यंत. "मनगटाला ऊब हवी, बोटांना अक्कल हवी," हे काकांचं मत.

परीक्षा ठरलेली होती. मोज्याच्या प्रत्येक बोटाच्या टोकाशी टिश्यूचा तुकडा, हात पाच मिनिटं बर्फाच्या पाण्यात, मग टिश्यू काढून बघायचा. बघायचा मी. "ज्याने घातला त्याने निकाल द्यायचा नाही. ऑफिसातही लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा," असं ते बजावत. माझ्या निकालावर सात जोड बाद झाले आणि आठवा पास झाला. पातळ, काळा, आत लोकरीचं अस्तर. काका लहान मुलासारखे खूष झाले होते.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही तळ्यावर गेलो. काकांना माशी बांधता येईना. चार वेळा हातातून सुटली. मोजे गळायला लागलेत, बोटं बधिर झालीत, असं ते म्हणाले. शेवटी मी बांधून दिली, आणि ते माझ्याकडे न बघता "थँक्यू" म्हणाले. मासा लागला. हाताळण्याआधी त्यांनी मोजा काढून हात पाण्यात ओला केला, कोरड्या हाताने माशाला इजा होते म्हणून. गळ काढताना तो त्यांच्या अंगठ्यात घुसला. रक्त मनगटापर्यंत आलं तरी काका माशाशी बोलत होते. मी ओरडले तेव्हा त्यांनी हात पाहिला.

घरी आल्यावर बादली काढली. पाच मिनिटं झाली. मी टिश्यू काढला. पाचही तुकडे कोरडे ठणठणीत होते.

"बघ गं, ओलाय ना?"

हे हातमोज्यांचं काम नव्हे, हे मला कळलं होतं. डॉक्टरकडे जा म्हटलं तर तळं सुटणार आणि काका पुन्हा सोफ्यावर बसणार, याची मला भीती वाटली. "हो काका, ओलाय," मी म्हणाले. त्यांनी नवव्या जोडासाठी दुकानांची यादी करायला घेतली.

पुढच्या मार्चमध्ये त्यांच्या हातून चहाचा कप पडला, मग भाजीची कढई पडली, तेव्हा आम्ही डॉक्टरकडे गेलो. मानेत नस दबली होती. ऑपरेशन झालं, पण बोटांत जीव परत आला नाही. आधी यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली. त्या दिवशी मला रडू आलं नाही, नंतरही आलं नाही. मुलगी त्यांना पार उत्तरेला डार्विनला घेऊन गेली, ती तिथे हॉस्पिटलात नोकरीला आहे. जाताना आठवा जोड त्यांनी माझ्या हातात ठेवला.

महिनाभराने फोनवर मी सांगून टाकलं. "काका, त्या दिवशी टिश्यू कोरडा होता."

"माहितीय. कचऱ्यात टाकताना चष्मा लावून बघितला होता मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू ओला म्हणालीस ना. मला तेच हवं होतं गं." मग इकडच्यातिकडच्या गोष्टी केल्या. डार्विनला फार उकडतंय म्हणाले.

या जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, मी एकटीच तळ्यावर गेले. मोज्यांच्या टोकांशी टिश्यू ठेवले, हात पाण्यात घातले, पाच मिनिटं मोजली. सगळे तुकडे कोरडे निघाले. फोटो काढून काकांना पाठवला आणि खाली लिहिलं, 'पास.'

त्यांचं उत्तर यायला वेळ लागतो. एकेक अक्षर शोधून दाबावं लागतं.

'सोबत कोण होतं?'

'कोणी नाही.'

'मग ही टेस्ट धरता येणार नाही,' असं त्यांनी लिहिलं.